वरच्या अंगाचं घर

माझ्या वडिलांना, आबांना, पुणे शहर एका ओळीत कळतं. सगळ्यात वर धरण, मग शहर, मग कालवा आणि सगळ्यात शेवटी आम्ही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, खडकवासल्याच्या कालव्याच्या पार शेपटाला. कालव्याकाठची माणसं त्याला टेल म्हणतात. पेपरात 'आवर्तन सुटले' अशी बातमी आली की आमच्या गावात कुणी उड्या मारत नाही. पाणी सुटतं ते वर. आमच्यापर्यंत येईतो वरच्या गावांनी कालव्याची दारं मोडलेली असतात, मोटारी टाकलेल्या असतात, आणि आमच्या शेताकडं येणाऱ्या चारीत ओला गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तेवढ्या येतात.

लहानपणी मी आबांबरोबर चारीवर जायचे. आमची पाण्याची पाळी सकाळी दहाची असली की आबा सातलाच जाऊन बसायचे. खांद्यावर फावडं, डोक्याला मुंडासं आणि तोंडात वरच्यांच्या नावानं शिव्या. एकदा पाणी आलं, पाऊण वाफा भिजला आणि थांबलं. आबा चारीच्या काठानं वरच्या दिशेला किलोमीटरभर चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मातीनं भरलेलं एक बारदान होतं. वरच्या कुणीतरी आमच्या चारीच्या दारात ते कोंबून ठेवलं होतं. त्यांनी ते अंगणात आणून टाकलं आणि कितीतरी महिने तिथंच ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ह्ये बगा, वरच्यांचं काम." आमच्या घरात फोटो कमी आणि पुरावे जास्त होते.

शेताचं हे असं. प्यायच्या पाण्याची गोष्ट वेगळी, कारण ती आईची होती. आई पळसदेवची. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर वाढलेली, दारात पाणी बघत मोठी झालेली. तिला आणून दिली टेलला. तिनं तीस-पस्तीस वर्षं लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणले. पुढं गावात नळ आला, तो दिवसाआड, कधी तीन दिवसांआड. तोवर आईचे गुडघे गेले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, जिना नको, ओझं नको, उकिडवं बसणं नको. आई म्हणाली, "मग मी करू काय?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी बारामतीच्या स्टँडसमोर उसाचा रस पिताना मी आबांना सांगितलं की मी पुण्यात घर घेतेय आणि आईनं आता माझ्याकडं राहायचं. मी पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. पंधरा वर्षं आम्ही हडपसरला भाड्यानं राहत होतो. माझा नवरा बारामती तालुक्यातला, बागायती गावचा. त्याच्या गावाला कालवा आधी लागतो, म्हणून त्याला पाण्याची भीती कशी असते ते माहीत नाही. तो म्हणाला, "आपण हडपसरलाच बघू, तुला कामाला जवळ." मलाही तेच हवं होतं. मी राहत होते त्याच गल्लीत, जुन्या कॉलनीत, तळमजल्यावरच्या तीन खोल्या विकायच्या होत्या. दारात पायरी एकच. नळाला रोज पाणी. समोर भाजीवाली, कोपऱ्यावर दवाखाना, आणि इंदापूरची एसटी दहा मिनिटांच्या अंतरावर थांबते. आईसाठी घर कसं असावं असं कुणी मला विचारलं असतं तर मी हेच घर काढून दाखवलं असतं.

पण आबांशिवाय आई येणार नव्हती, आणि आबा स्वतःच्या मनाविरुद्ध आजवर शेजारच्या गावालाही गेलेले नाहीत.

ते आईला घेऊन बघायला आले. धोतर, पांढरी टोपी, आणि चेहऱ्यावर असा भाव की खरेदीखतावर सही त्यांचीच व्हायची आहे. घरात शिरलेच नाहीत. गल्लीच्या टोकाला गेले आणि विचारलं, "कालवा कुठनं जातोय?"

मी म्हटलं, "आबा, इथं लोक घर बघतात तेव्हा आधी घर बघतात."

"कालवा कुठनं जातोय?"

दाखवला. हडपसरमधून आमचाच कालवा जातो. कडेला कचरा, वर पूल, पुलावर हातगाड्या. आबांनी पुलाच्या कठड्यावर हात ठेवला आणि पाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ओळखीचं पाणी बघून त्यांना बरं वाटत असेल. ते वळले आणि म्हणाले, "पाणी हितनं फुडं जातंय. म्हंजे ही बी खालच्या अंगाचीच जागा. धरणापास्नं किती लांब?"

"आबा, प्यायचं पाणी कालव्यातून येत नाही. पाइपनं येतं. महापालिका देते."

"देतीया. उद्या दिली न्हाय तर? पयलं वरचा घेतोय, मग खालचा. ह्यो नेम हाय. पाइप असू दे न्हाय तर चारी."

पंधरा वर्षं मी त्या नळाचं पाणी पीत होते. ते मी सांगितलं. ते म्हणाले, "तू पंधरा वर्सं बगितलंयस, मी पंचावन्न." मग नवऱ्याकडं वळून, "पाव्हणं, जल्म टेलला गेला माजा. ज्यांनी आमचं पाणी पिलं त्यांच्या डोक्यावर जाऊन बसायचंय आता. घर धरणाच्या अंगाला बगा, न्हाय तर आमी दोघं हाय तितं बरं हाय."

आई गल्लीतच, घरासमोरच्या भाजीवालीच्या शेजारी तिच्या स्टुलावर बसली होती. भाजीवालीनं स्टूल स्वतःहून दिलं होतं. दोघी कुठल्यातरी कोथिंबिरीविषयी बोलत होत्या. मी तिला हाक मारली आणि निघालो.

शहरात घर शोधणं हा एक घाणेरडा उद्योग आहे, आणि आबांबरोबर शोधणं त्याहून वाईट. कुणी शाळा बघतो, कुणी बसथांबा, कुणी आपल्या तालुक्यातली, आपल्या भावकीतली माणसं किती आहेत ते बघतो. आम्ही उतार बघितला. धरणाच्या बाजूला चार रविवार आम्ही इमारती पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी एजंट स्वयंपाकघराची फरशी दाखवायचा आणि आबा गच्चीवर जायचे. धरण दिसतं का, किती दिसतं, कुठल्या अंगाला दिसतं. एका इमारतीतून दिसलं नाही तर मी त्यांना मुद्दाम निरुपयोगी जागा दाखवते असा त्यांनी माझ्यावर आळ घेतला.

हे नवीन नव्हतं. आबांनी आयुष्यात वाद जिंकले ते आवाजावर. बारावीनंतर मी लॅबचा कोर्स करते म्हटल्यावर ते इंदापूरला डीएड कर म्हणून पंधरा दिवस जेवले नव्हते. मी कोर्स केला, नोकरी लागली, पगार आला, तरी तुझं बरोबर होतं असं कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. उलट गावात सांगत, मीच पाठवली. हरणंसुद्धा ते स्वतःच्या खात्यावर जिंकणं म्हणून मांडतात. माझ्या मनात हे साचलेलं होतं, आणि ते काही चांगलं साचलेलं नव्हतं.

चौथ्या रविवारी ती इमारत सापडली. परवापरवा शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावात, टेकडीच्या पोटाला दोन इमारती, पुढची आणि मागची. पुढच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर. लिफ्ट होती. आईचा गुडघा त्या दिवशी सुजला होता म्हणून ती खाली गाडीतच बसली, दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून. आम्ही वर गेलो आणि तिथून गच्चीवर. एजंट म्हणाला, "आबा, बघा की! धरण डोळ्यांसमोर!"

आणि खरंच, लांबवर पाण्याची एक पट्टी चमकत होती. आबांनी टोपी काढली. मग माझ्याकडं वळून बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात आनंद होता, पण तो माझ्यासाठी नव्हता की आईसाठीही नव्हता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता तो. "बगितलंस? मी काय म्हणत हुतो?"

आईची गोळी माझ्या पर्समध्ये राहिली होती, ती द्यायला मी एकटीच खाली आले. इमारतीच्या बाजूच्या बोळात, आमच्या गाडीसमोरच, एक टँकर मागं मागं येत होता. एक माणूस उतरला, त्यानं जमिनीतलं लोखंडी झाकण पायानं सरकवलं आणि टँकरचा जाड पाइप टाकीत सोडला. पाणी पडायचा आवाज सुरू झाला. त्याच्या मागं वळणावर दुसरा टँकर उभा होता. चाकांचा चिखल वाळून पांढरा झाला होता, म्हणजे रोजची ये-जा. पंधरा वर्षं शहरात काढलेल्या माणसाला एवढं बघून सगळं कळतं. धरण दिसत असलं तरी त्याचं पाणी इथं येत नव्हतं. पाइपलाइन पोचलेलीच नव्हती.

मी आईला गोळी दिली, पाण्याची बाटली दिली. वर गेले. एजंट नवऱ्याला कागद दाखवत होता. आबा अजून कठड्याशी होते.

मी काहीच बोलले नाही.

का बोलले नाही, हे मला माहीत आहे आणि त्याला चांगलं नाव देता येत नाही. मला आबांना एकदा, एकदाच, तोंडावर आपटलेलं बघायचं होतं. टेलचा माणूस धरणाच्या उशाशी जाऊन टँकरची वाट बघतोय, हे चित्र मला गच्चीवर उभ्या उभ्या दिसलं आणि आवडलं. नवऱ्यानं विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "आबा म्हणतील ते."

परतताना आई-आबांना गावी सोडायला गेलो तेव्हा भिगवणला जेवायला थांबलो. आबांनी स्वतःहून मासे मागवले. हॉटेलवाल्याला सांगितलं, पुण्यात धरणाशेजारी घर घेतोय. वाढणाऱ्यालाही सांगितलं. आई काटे काढत जेवत होती. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "हिला काय, नळ मिळाला म्हंजे झालं." मी मान हलवली. आई म्हणाली, "मासा ताजा न्हाय." पळसदेवच्या बाईला ते पहिल्या घासाला कळलं असणार, पण तिनं ताट संपवलं.

राहायला गेलो आणि पहिल्या आठवड्यातच चित्र पुरं झालं. नळाला पाणी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. टँकर उशिरा आला तर अर्धा तास, बिघडला तर बोंब. आई पहाटेपासून बादल्या, पातेली, कळशी, कुकरचं भांडं, सगळं ओळीनं मांडून बसायची. गावाकडं दिवसाआड जे करायची ते इथं रोज दोनदा करायला लागली. उकिडवं बसू नका म्हणून सांगितलेली बाई न्हाणीघराच्या दारात उकिडवी बसून लोट्यानं पाणी ओतायची. मी बस कर, उठ, राहू दे म्हणायचे. ती म्हणायची, "पानी जाईल."

आणि आबा? आपटायला हवे होते ते आबा? मी पहिल्या दिवशी वाट बघत होते. टँकर बघून त्यांचा चेहरा पडेल, ते गप्प होतील, आणि मी काहीतरी धारदार बोलेन, जे मी मनात तयार करून ठेवलं होतं. त्यांनी खिडकीतून टँकर बघितला आणि म्हणाले, "ह्या लोकास्नी पाणी वाटायचं कळत न्हाय." चप्पल घातली आणि खाली गेले.

दोन इमारतींना टाकी एक, पंप एक आणि व्हॉल्व्ह दोन. एक पुढच्या इमारतीचा, एक मागच्या. वॉचमन दर महिन्याला बदलायचा आणि रोज भांडणं व्हायची. सोसायटीच्या सेक्रेटरीला असा फुकटचा माणूस हवाच होता. आठवड्याभरात पंपाच्या खोलीची किल्ली आबांच्या कमरेला लागली. सकाळी साडेसहाला ते खाली जायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि व्हॉल्व्ह फिरवायचे. लोक त्यांना नमस्कार घालायला लागले. "आबा, आज लवकर सोडा हां, पाहुणे आहेत." ते मान डोलवायचे. मी त्यांना इतकं खुश चारीवर कधी बघितलं नव्हतं. माझी धारदार वाक्यं माझ्याजवळच राहिली आणि माझ्याच पोटात रुतली.

महिनाभरात आमच्या नळाला तासाऐवजी दीड तास पाणी यायला लागलं. माझ्या लक्षात आलं. मी लॅबमध्ये काम करते, मोजमाप माझा धंदा आहे. टँकर तेवढेच, टाकी तेवढीच, मग आमचा अर्धा तास कुठून आला हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. आई कमी वाकत होती, तेवढं मला पुरलं.

मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. सुप्याकडची, कोरडवाहू मुलखातली. मुलगा टॅक्सी चालवायचा. सून कामावर जायची, दिवसभर ती एकटीच असायची. तिची आणि आईची ओळख खाली बाकावर झाली. दोघींना एकमेकींची बोली कळायची, बाजरीची भाकरी कळायची. आईनं या शहरात स्वतःहून जोडलेलं हे एकच माणूस. मला त्याचं बरं वाटलं होतं.

मग एका दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आले. गाडी लावताना मागच्या इमारतीच्या जिन्याकडं नजर गेली. चौथ्या-पाचव्या पायरीवर आई बसली होती. शेजारी पितळी कळशी, भरलेली. तिचा एक हात कळशीवर होता आणि दुसरा गुडघ्यावर. त्या इमारतीची लिफ्ट बंद होती.

मी ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण पार्किंगमधल्या दोन बायका थांबून बघत होत्या एवढं आठवतं. अख्खं घर तुझ्या गुडघ्यांसाठी घेतलं आणि तू लोकांचं पाणी वाहतेस, असं काहीतरी.

आईनं मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "तिला धा मिंटं येतंय पानी. तेवढंच. सुनंचं बाळंतपन जवळ आलंय तिच्या. सा दिवस झालं मी आनती."

"सहा दिवस?"

"आपल्याकडं लई येतंय न्हवं? मग कुनाचं येतंय त्ये?"

कळशी मी उचलली. म्हातारीच्या दारात ठेवली. तिनं मला बस म्हटलं, मी बसले नाही. मला तिच्यासमोर लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो.

संध्याकाळी आबा किल्ली खिळ्याला अडकवत असताना आईनं विचारलं. ती आबांशी कधी उभ्यानं बोलत नाही, त्या दिवशी उभी होती. "मागल्या बिल्डिंगीला किती येळ सोडता?"

"उरतंय तेवढं."

"आन् आदी आपलं."

"पयलं आपलं भिजवायचं, मग फुडं सोडायचं. नेम हाय."

आई म्हणाली, "त्ये बारदान कुठं ठिवलंय?"

आबांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. ते कॉटवर बसले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मीही थांबले होते, इतकी वर्षं थांबले होते. ते म्हणाले, "टेलला हुतो तवा कुनी आपल्याला सोडलं का?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली. नवऱ्यानं गाडीनं गावी सोडतो म्हटलं, तिनं ऐकलं नाही. मला म्हणाली, हडपसरपर्यंत सोड, तिथून एसटी मिळते. मी सोडायला गेले. एसटी आमच्या जुन्या गल्लीपासून दहा मिनिटांवरच थांबत होती. वाटेत त्या गल्लीतून गेलो, तर भाजीवाली तिथंच बसली होती. तिनं आईला ओळखलं आणि स्टूल पुढं सरकवलं. मी दुसरीकडं बघत उभी राहिले.

आबा पुढचे तीन आठवडे राहिले, किल्लीसाठी. मग मागच्या इमारतीनं मीटिंगमध्ये गोंधळ घातला, कुणीतरी आबांना चोर म्हणालं, किल्ली काढून घेतली गेली. मीटिंगमध्ये मी होते. आबांची बाजू घेऊन मी एक शब्द बोलले नाही आणि त्यांच्याविरुद्धही बोलले नाही. इथं असं गप्प बसायची मला सवयच लागली आहे. आबा उठले, टोपी नीट केली, घरी येऊन म्हणाले, "भिकार वस्ती हाय. तुजी निवड." मी ताट त्यांच्यासमोर आपटलं. ते सकाळी निघून गेले.

घर विकायचं ठरवलं आणि अजून विकलं जात नाही. बघायला येणारी माणसं शहाणी असतात. ती फरशी बघत नाहीत, गच्चीवर जात नाहीत, थेट खाली जाऊन वॉचमनला विचारतात. मी वरून बघत असते.

गेल्या महिन्यात गावी गेले. नळाचा दिवस होता. अंगणात आई खुर्चीवर बसून नळी एका ड्रममधून दुसऱ्या ड्रममध्ये टाकत होती. खुर्ची आबांनी केली होती, जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे बसवून, ड्रमच्या उंचीला बेतून, तिला उठावं-वाकावं लागू नये म्हणून. आबा मला बघून गोठ्यात गेले. आम्ही बोलत नाही.

मी आईशेजारी पायरीवर बसले. सांगायचं म्हणून मी पुण्याहून निघाले होते, आणि भिगवणपर्यंत मनाशी चारदा म्हणून बघितलं होतं.

"आई, घर बघायला गेलो होतो ना त्या रविवारी, तेव्हा मी टँकर बघितला होता. मला माहीत होतं तिथं नळाला पाणी नाही. मी आबांना मुद्दाम सांगितलं नाही."

आईनं नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. पाण्याचा आवाज बदलला.

"मी बी बगितला हुता," ती म्हणाली. "गाडीतच न्हवं का बसल्याली? फुडंच हुबा हुता. तू त्येच्याकडं बगत हुतीस, त्ये बी मी बगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

ती खरंच नवल वाटल्यासारखी माझ्याकडं बघत होती. "मला वाटलं, लेकीला दिसतंय. शेरात ऱ्हाती, शिकल्याली हाय. माज्यासाठी घर बगतीया म्हंजे तिनं काय तरी इचार केला आसंल. मी कशाला मदी बोलू?"

ड्रम भरत आला होता. तिनं मला नळ बंद करायला सांगितला, मी उठून बंद केला.